वाजंत्र्याची मजुरी म्हणजे दक्षिणा नव्हे

लग्नसराई तोंडावर आली आहे. सोने, शिधा, मांडव ह्यांचे हिशेब घरोघर चालले असतील. अशा वेळी मांडवाच्या कडेस उभा राहणारा जो वाजंत्री, त्याजविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. शाळेच्या सुट्टीत कित्येक उन्हाळे आम्ही गावच्या ताफ्यात क्लॅरिनेट फुंकले आहे. तेव्हा हे ऐकीव नव्हे.

प्रथम आमची चूक सांगतो. एका सत्यशोधक लग्नात वधू आपले वचन म्हणत होती. जोतीरावांनी १८८७ साली मंगलाष्टकांचे व पूजाविधीचे पुस्तक काढले, ते वधूवरांनीच एकमेकांस समजून वचन द्यावे म्हणून. इतक्यात मागून कोणा टवाळाने “वाजवा रे!” अशी आरोळी ठोकली. ढोलवाल्याने टिपरू हाणले आणि आम्ही सारे सुटलो. जिचा शब्द ऐकू यावा म्हणून हा सारा खटाटोप, तिचाच आवाज आम्ही बुडविला! खूण ठरल्या एकाच माणसाची घ्यावी, हा धडा त्या दिवशी मिळाला.

दुसऱ्या एका वरातीत वळीव कोसळला. हलगीचे कातडे भिजले की सैल पडते. जाळावर शेकल्यावाचून ते बोलत नाही. कोरडी काटकी मिळेना, वरात खोळंबली. यजमानाने ठरल्या पैशातून निम्मे कापले. आचाऱ्याची चूलही विझली होती, त्याचे मात्र पुरते दिले. पाऊस काय हलगीवाल्याने पाडला होता?

तिसरी गोष्ट रात्रीची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे, सरकारने सूट दिलेले दिवस सोडल्यास, रात्री १० नंतर उघड्यावर वाजविता येत नाही. यजमान म्हणतो, “वाजवा, मी आहे ना!” पोलीस आले की तोच यजमान दिसेनासा होतो, आणि चौकीवर जातो तो वाजंत्री.

परंतु सर्वांत बोचते ती पंगत. पाहुणे उठले, घरचे उठले, मग गोठ्याच्या बाजूस आम्हांस पत्रावळी मांडल्या. हलगी-सनई पिढ्यान्‌पिढ्या मातंग, होलार ह्या बांधवांकडे आली, म्हणून हा वेगळा पाट! आणि त्याच घराच्या भिंतीवर जोतीरावांची तसबीर होती.

बंधूंनो, २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाने भटावाचून पहिले लग्न लाविले. भटाची दक्षिणा नाकारली, कारण तीमागे कष्ट नव्हते. वाजंत्र्याची मजुरी घामाची आहे. दक्षिणा वाचविली म्हणून मिरवायचे आणि मजुरी कापायची, ह्यास सुधारणा कोण म्हणेल? ऐपत नसेल तर वाजंत्री लावूच नका, त्यात कमीपणा नाही. पण लाविले तर ठरले ते द्या.

वाजंत्री बांधवांसही सांगणे आहे. पैसे, वेळ, जेवण, पावसाची अट हे सारे कागदावर लिहून घ्यावे. निम्मे पैसे आगाऊ घ्यावे. वाजविण्यापूर्वी दारूस शिवू नये. एकजण झिंगला की साऱ्या ताफ्याची पत जाते. रात्रीचे १० वाजले की वाद्य पिशवीत घालावे, मग यजमान कितीही रागावो.

ह्या सराईत निदान एका घरी तरी वाजंत्री पाहुण्यांच्या पंगतीत बसलेला दिसावा, एवढी विनंती करून आम्ही लेखणी आवरतो.