बॅटरी बदलण्यापूर्वीं

बागेंतील जुना लहान ट्रॅक्टर ऐन फवारणीच्या सकाळीं 'कट्' असा एकच आवाज करून स्तब्ध बसला, कीं बागाईतदाराच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'बॅटरी गेली' हा. आमच्या मतें हा निकाल पंचनाम्यावांचून दिलेला असतो. आम्हींहि एकदां तो तसाच दिला, नवी बॅटरी आणून बसविली, आणि दोन दिवसांनीं ट्रॅक्टर पुन्हां मुका! दोष निघाला तो बॅटरीपासून इंजिनाच्या अंगाकडे जाणाऱ्या काळ्या केबलींत. तिच्या बोल्टाखालीं गंजाचा थर बसला होता. कांचकागदाचा एक तुकडा आणि अर्धा तास, एवढेंच तें काम होतें.

बारा व्होल्टांची पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ फिरत असतां आंकडा ९.६ च्या खालीं गेला, तर तिचा संशय रास्त आहे. न गेला व सेल्फ तरीहि जड फिरत असेल, तर मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोंकावर व दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून सेल्फ मारवावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसल्यास वीज वाटेंतच अडते आहे असें समजावें. टोंकांवरील पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावी. केबल सोडतांना ऋण बाजू आधीं सोडावी, जोडतांना ती शेवटीं जोडावी. इंजिन चालू असतां सुमारें १४ व्होल्ट न दिसल्यास प्रथम पट्टा व मग अल्टरनेटर पाहावा.

आतां ज्यासाठीं लेखणी उचलली तें. सेल्फ न लागला कीं सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा धरून इंजिन चालू करावयाचें, हें कसब म्हणून मिरविलें जातें. क्लच दाबल्यावांचून सेल्फ लागूं नये म्हणून कारखान्यानें बसविलेली कळ अशानें निरुपयोगी होते. गिअर पडलेला असेल, तर ट्रॅक्टर त्याच क्षणीं पुढें उडी घेतो, आणि माणूस उभा असतो तो मागल्या चाकाच्या पुढ्यांत.

पुष्कळदां ती कळच बिघडलेली असते. तिच्या दोन तारा कायमच्या जोडून टाकल्या म्हणजे काम भागतें, हें खरें. आमच्या येथें तसा प्रसंग आला तेव्हां आम्हीं तारा जोडूं दिल्या नाहींत. मिस्त्री हंसला. नवी कळ येईपर्यंत चार दिवस फवारणी खोळंबली आणि केवड्यानें कांहीं घड नेले. परंतु त्या ट्रॅक्टरावर आमचा एकोणीस वर्षांचा पुतण्या बसतो.