नदीला आई म्हणणं थांबवा, तारीख लिहा

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या संध्याकाळी, मी राजुऱ्याच्या पुलावरून वर्धा नदीचं रील काढलं. पाण्यावर तांबूस ऊन, मागे बासरी, खाली ओळ : 'माझी माय, वर्धामाय'. दोन दिवसांत ते हजारो लोकांनी पाहिलं. पुण्यातल्या मित्रांनी हात जोडलेले इमोजी पाठवले. एकानं लिहिलं, 'भावा, तुझं गाव किती शांत आहे.'

आमच्या घराच्या मागच्या बाजूला एक ढिवर काका राहतात. सारं आयुष्य नदीवर गेलेला माणूस. मी मोठ्या कौतुकानं त्यांना रील दाखवलं. त्यांनी मोबाईल लांब धरून शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "हे कोन्या दिवसाचं पानी होय?"

"परवाचं, काकाजी."

"मंग त्याच्या आदल्या दिवशीचं काहून नाई काढलं? आदल्या दिवशी जाळं ओढलं तं हात काळे झाले."

मी काय बोलणार? आदल्या दिवशी पाडवा होता. मी घरी चकल्या खात होतो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे, आणि ती इथे जरा भांडूनच सांगायची आहे. आपल्या पिढीचं नदीवर फार प्रेम आहे, पण त्या प्रेमावर तारीख नाही. आपण नदीचे फोटो काढतो, तिच्यावर कविता करतो, आरत्या करतो, तिला आई म्हणतो. आणि आई म्हटलं की आपलं काम संपतं. आई सोसते. आई पोटात घालते. आईकडे हिशेब मागायचा नसतो. ज्यानं तिच्या पाण्यात घाण सोडली तोही तिला आईच म्हणतो आणि पुढच्या आरतीला पहिल्या रांगेत उभा असतो. ज्या शब्दानं कोणाचीच अडचण होत नाही, तो शब्द नदीच्या काय कामाचा?

सरकारलाही हा शब्द आवडतो. २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्रामहून 'चला जाणूया नदीला' हे राज्य सरकारचं अभियान सुरू झालं. ७५ नद्या निवडल्या होत्या. आमच्या जिल्ह्यातल्या इरई आणि उमा त्यांत होत्या. नाव चांगलं होतं, 'जाणूया'. अशा अभियानांत चांगली माणसं मनापासून राबतात, हे मला मान्य आहे. माझा प्रश्न एवढाच की यात्रा पुढे गेल्यावर काठावरच्या गावाकडे काय उरतं? कलश उरतो, फलक उरतो, पालकमंत्र्यांसोबतचा फोटो उरतो. नदीला कोणत्या महिन्यात काय झालं याची वही उरते का?

आता आमच्या नदीची हकीकत. वर्धा मध्य प्रदेशात मुलताईकडे उगवते. मोर्शीजवळ अप्पर वर्धा धरणात तिचं पाणी अडतं. वढ्याला तिला पैनगंगा भेटते, हडस्तीजवळ इरई. इरईवर धरण आहे आणि त्याच्या पाण्यावर चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र चालतं. राजुऱ्याच्या बाजूला सास्ती-पोवनीच्या उघड्या कोळसा खाणी, गडचांदूरकडे सिमेंट, पुलापलीकडे बल्लारपूरला कागद. खाणीतून काढलेल्या मातीचे ढिगारे इतके उंच की बाहेरून आलेला माणूस विचारतो, 'हा कोणता डोंगर?' पुढे वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. म्हणजे आम्ही राजुऱ्यात जे पाण्यात सोडतो, ते गडचिरोलीतल्या आणि तेलंगणातल्या माणसांच्या दारापर्यंत जातं.

या सगळ्याचे आकडे नाहीत असं समजू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये औद्योगिक भागांचा प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथं होतं. याच मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे आहेत. त्यांतले ५५ महाराष्ट्रात, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. आणि मी ज्या पुलावर बासरी लावून रील काढलं, तो राजुऱ्याचा पूल राज्य मंडळाच्या यादीत पाण्याचा नमुना घेण्याचं ठिकाण म्हणून नोंदलेला आहे. माझी शाळा, कॉलेज, इंजिनिअरिंग सगळं झालं. या पुलाखालच्या पाण्याचा आकडा कुठेतरी लिहिला जातो, हे मला सत्ताविसाव्या वर्षी पुण्यात बसून कळलं.

पण आकड्यालाही मर्यादा आहेत. नमुना महिन्यातून एकदा घेतला जातो. नदीचा पट्टा प्रदूषित ठरवताना मुख्यतः बीओडी पाहतात. पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, त्याचं हे माप. ते लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की पट्टा यादीत जातो. गटाराच्या पाण्यासाठी हे माप चांगलं आहे. कोळशाची बारीक भुकटी मात्र त्यात फारशी दिसत नाही. मरळ कोणत्या वर्षापासून मिळेनाशी झाली, हे तर कोणत्याच रकान्यात बसत नाही.

माझी नोकरी सर्व्हर सांभाळण्याची आहे. महिन्याच्या ७२० तासांत सर्व्हर तीन तास बंद पडला, तर कागदावर तो ९९.५८ टक्के वेळ चालू होता. पण त्या तीन तासांत ज्याचे पैसे अडकले, त्याला तुमची टक्केवारी ऐकवून पाहा. म्हणून आम्ही दर मिनिटाला तपासणी लावतो आणि प्रत्येक बिघाडाची वेळ लिहून ठेवतो. 'महिन्यातून एकदा बघतो, बाकी ठीकच असतं,' असं मी म्हणालो तर मला दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील. नदीच्या बाबतीत आपण हेच वाक्य वर्षानुवर्षं चालवून घेतलं आहे.

यात नमुना घेणारा माणूस खोटं बोलत नाही. तो त्या दिवशी तिथे होता, एवढंच. उरलेले एकोणतीस दिवस नदीवर कोण होतं? ढिवर होता. धुणं घेऊन आलेल्या बाया होत्या. गुराखी होता. रेतीच्या ट्रॅक्टरवरचा पोरगा होता. नदीची दर मिनिटाची तपासणी हे लोक करतातच. फक्त त्यांचं कोणी लिहून घेत नाही. त्यांचं बोलणं 'लोकांच्या भावना' या खात्यात जातं आणि महिन्यातल्या एका बाटलीचं बोलणं 'तथ्य' या खात्यात.

हा फरक मी एका जनसुनावणीत उघड्या डोळ्यांनी पाहिला. गाव आणि प्रकल्प कोणता ते इथे सांगत नाही. मंडप होता, पोलीस होते, पाण्याच्या बाटल्या होत्या. एकामागून एक पुढारी उठले. 'नदी आमची माय आहे, मायच्या पदराला हात लावू देणार नाही,' असं गरजले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवलं, तेव्हा त्या सगळ्या गर्जनांची मिळून एक ओळ झाली होती : काही ग्रामस्थांनी नदीच्या प्रदूषणाबाबत चिंता व्यक्त केली.

मध्येच एक बाई उठली होती. तिला माईक नीट धरता येत नव्हता. ती म्हणाली, माझं शेत अमुक गटात आहे, विहीर नाल्यापासून इतक्या पावलांवर आहे, गेल्या उन्हाळ्यात पहिल्या आवतणाच्या आदल्या दिवशी पाणी खाली गेलं ते आलंच नाही, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या दोन विहिरीही आटल्या, त्यांची नावं ही. टाळ्या पडल्या नाहीत. पण इतिवृत्तात तिचा स्वतंत्र मुद्दा झाला आणि प्रकल्पवाल्यांना त्याला लेखी उत्तर द्यावं लागलं. उत्तर समाधानकारक होतं का? नव्हतं. पण चिंतेला उत्तर द्यावं लागत नाही. विहिरीला द्यावं लागलं.

जनसुनावणी हा कोणी केलेला उपकार नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना ती लागते. किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत मिळायला हवा. कामकाजाचं चित्रीकरण होतं आणि शेवटी इतिवृत्त लोकांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं. लेखी हरकतही देता येते. म्हणजे गोष्ट सांगायला कायद्यानं एक व्यासपीठ दिलेलं आहे. आपण तिथे गोष्ट सोडून घोषणा नेतो.

पाण्याची गोष्ट कशी लढवायची, हे खरं तर आपल्याला बाहेरून शिकायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी घेतलं, हे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. त्यापुढची दहा वर्षं कमी जणांना ठाऊक असतात. विरोधकांनी दिवाणी दावा लावला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मग प्रश्न आला पुराव्याचा. तळं दप्तरात कोणाचं? वहिवाट कधीपासूनची? कोणी पाहिली? मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ मध्ये बाबासाहेबांच्या बाजूनं लागला. तळ्यावर घेतलेलं ओंजळभर पाणी आणि कोर्टातला पुरावा, अशी दोन्ही कामं त्या लढ्यानं केली. ज्या चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ ला हजारोंनी त्यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली, त्या जिल्ह्यातल्या पोरांनी पाण्याच्या प्रश्नावर फक्त आरती करावी?

बाहेरचंही एक उदाहरण देतो. मार्च २०१७ मध्ये दोन देशांत नदीला कायद्यानं 'व्यक्ती' ठरवलं गेलं. आपल्याकडे उत्तराखंड उच्च न्यायालयानं गंगा-यमुनेला तो दर्जा दिला. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. न्यूझीलंडमध्ये वांगानुई नदीचा कायदा झाला आणि तो टिकला. तिथले माओरी लोकही नदीला पूर्वजच मानतात. पण ते मानून थांबले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या अर्ज केले, वयस्कर माणसांनी न्यायाधिकरणापुढे साक्षी दिल्या, त्यांचा सविस्तर अहवाल १९९९ मध्ये निघाला. भक्ती त्यांच्याकडेही होती. तिच्याखाली कागदांचा पाया होता.

आता माझ्यावर येणारा आक्षेप मीच मांडतो, कारण तो घरातूनच येतो. माझे बाबा कोळसा खाणीत नोकरीला आहेत. जमीन गेली, बदल्यात नोकरी मिळाली. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्या पगारातून भरली. हा लेख ज्या लॅपटॉपवर लिहितो आहे, तो कोणाच्या तरी कोळशावरच चार्ज होतो. बाबा म्हणतात, "खान बंद झाली तं खाशीन काय?" या प्रश्नाला माझ्याकडे खोटं उत्तर नाही. राजुऱ्यातल्या अर्ध्या घरांत नदी आणि पगार एकाच ताटात जेवतात.

पण म्हणूनच तर तारीख हवी. 'माय विरुद्ध खाण' असं भांडण लावलं की प्रत्येक घर दुभंगतं आणि शेवटी पगार जिंकतो. 'अमुक तारखेला पाणी काळं आलं, ते कुठून आलं ते सांगा' असं विचारलं की खाणीतल्या कामगारालाही सही करता येते. बाबांनीही केली असती, असं मला वाटतं. कारण तेही लहानपणी याच नदीत पोहलेत.

तेव्हा रील जरूर काढा. बासरी काढून टाका. त्यावर तारीख, वेळ आणि जागा घाला. पाण्याचा रंग, वास, मेलेले मासे, जे दिसेल ते बोला, आणि जे दिसलं नाही ते बोलू नका. दर पावसाळ्यात जुन्या पुराचे व्हिडिओ आजचे म्हणून फिरतात. असा एक खोटा व्हिडिओ पन्नास खरे व्हिडिओ बुडवतो. मूळ फाइल जपून ठेवा, फॉरवर्ड झालेली नको. आजी-आबांना 'पूर्वी नदी कशी होती' असं मोघम विचारू नका. कोणता डोह, कोणता मासा, कोणाच्या लग्नाच्या साली, असं विचारा. लग्नावरून साल निघतं. आणि हे सगळं फोनमध्ये सडू देऊ नका. महिन्यातून एकदा ग्रामसभेत किंवा वॉर्डात वाचून दाखवा, ठरावात घ्या, मंडळाच्या आकड्याशेजारी ठेवा आणि माहितीच्या अधिकारात विचारा की नमुना कोणत्या दिवशी घेतला होता.

हे जमतं. आमच्या शेजारच्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं ते जंगलाच्या बाबतीत करून दाखवलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं तिथे अभ्यासगट चालला. आधी गावानं बसून अभ्यास करायचा, मग सर्वसहमतीनं निर्णय घ्यायचा. २००९ मध्ये त्या गावाला जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावाकडे काही जगावेगळे फोन नव्हते. बसून बोलायची आणि लिहायची सवय होती.

माझं ते रील मी काढून टाकलेलं नाही. खालची ओळ बदलली आहे : २३ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळ, राजुरा पूल, पाणी वरून स्वच्छ दिसत होतं. आणि पुण्याला निघायच्या आधी काकाजींच्या ओसरीवर बसून एका दोनशे पानी वहीत पहिली नोंद केली. हात कशामुळे काळे झाले, ते आम्ही लिहिलं नाही. ते शोधणं मंडळाचं काम आहे, विचारणं आमचं. नोंद अशी आहे :

२२ ऑक्टोबर २०२५, बुधवार, पाडवा. पहाटे, फटफटताना. पुलाच्या खालच्या अंगाला, राजुऱ्याकडचा काठ. पाण्याला काळी झाक. जाळं ओढताना हात काळे, धुतल्यावर गेले. मासे : दोन शिंगी, थोडे झिंगे. मरळ नाही. सांगणारा तिथे होता. लिहिणारा नव्हता.