काळ्या काचा : पावती कुणाला, सलाम कुणाला?

आमच्या चौकात पुन्हा काळ्या काचांची मोहीम सुरू झालीय. जुन्या व्हॅगनआर अडवायच्या, ब्लेडने फिल्म खरवडायची, 500 ची पावती फाडायची. आणि त्याच वेळी बाजूने 4141 म्हणजे ‘दादा’ नंबरची पांढरी गाडी जाते, चारही काचा कोळशासारख्या. तिला शिट्टीसुद्धा नाही.

मोहिमेला माझा विरोध नाही, उलट पाठिंबाच आहे. मी टू-व्हीलरवाला. सिग्नल नसलेल्या चौकात आपण ब्रेकवर नाही, समोरच्याच्या चेहऱ्यावर भरवसा ठेवतो. त्याने आपल्याला बघितलंय की तो मोबाईलमध्ये आहे, हे काचेतून कळतं. काच काळी असली की अंदाजपंचे! रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं तर विचारूच नका.

“उन्हाचं काय?” असं विचारणाऱ्यांनी नियम 100 बघावा. पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. म्हणजे कंपनीतूनच आलेली हलक्या रंगाची काच चालते. वरून फिल्म चिकटवायला सुप्रीम कोर्टाने 27 एप्रिल 2012 ला बंदी घातली. पुढे नियम बदलला, आणि 2024 मध्ये केरळ हायकोर्टाने या टक्केवारीत बसणारी, प्रमाणित फिल्म चालेल असं म्हटलं. तो निकाल केरळचा, पण टक्केवारी सगळीकडे तीच. मग आमच्या चौकात उजेड मोजायचं मीटर का नाही? नुसत्या नजरेने ठरवलं की नजर माणूस बघून बदलते.

सूट कुणाला? 2012 च्याच निकालात झेड आणि झेड प्लस सुरक्षेचा विचार झालाय. आता आमच्या तालुक्यात अशी सुरक्षा असलेले किती जण आहेत, तुम्हीच मोजा. ‘अध्यक्ष’ अशी पाटी लावली म्हणून झेड प्लस मिळत नाही हो!

त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीत ती बस काळ्या काचा आणि पडदे लावून फिरत होती. बंदीला तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते. नंतर तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री, आपले सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे यांनी अशा बस जप्त करण्याची घोषणा केली. नियम आधीच होता, अडवणारं कुणी नव्हतं.

साहेब, एक सोपं काम सांगतो. सोमवारी पंचायत समितीची मीटिंग असते. बाहेर गाड्यांची रांग लागते. ब्लेड घेऊन सुरुवात तिथून करा. व्हॅगनआरवाले आपणहून फिल्म काढून येतील.