पाणी स्वच्छ दिसतंय, पण तपासलं कुणी?

उन्हाळा लागला की जळगाव-धुळ्याच्या मोहल्ल्यांत फिल्टर विकणारे फिरू लागतात. दोन कांड्या ग्लासात बुडवतात, बटण दाबतात आणि पाणी पिवळं-काळं होतं. घरातल्या बाया घाबरतात, हप्त्यावर मशीन येतं. खरं तर तो गंज लोखंडी कांडीचाच असतो. क्षारांच्या पाण्यातून वीज वाहते, आरओच्या पाण्यातून नीट वाहत नाही, एवढाच खेळ. टीडीएस मीटरही फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं.

मग भीती कशाची बाळगायची? आपला खानदेश कापूस आणि केळीचा पट्टा. फवारणीची औषधं पावसासोबत नाल्यात, विहिरीत, पुढे गिरणा, पांझरा, तापीत जाऊ शकतात. ही कार्बनी रसायनं. त्यांना रंग-वास असेलच असं नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण या औषधांच्या बाबतीत उकळण्यावर भरवसा ठेवता येत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500, 2012) मोनोक्रोटोफॉसची मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम आहे, एंडोसल्फानची 0.4. एक मायक्रोग्रॅम म्हणजे किती? 10,000 लिटरचे 100 टँकर आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम!

इतकं बारीक शोधायचं तर नमुनाही तसाच घ्यावा लागतो. कोल्ड्रिंकची बाटली चालत नाही, कारण प्लास्टिक रसायन शोषतं आणि स्वतःचंही सोडतं. तपकिरी काचेची स्वच्छ बाटली लागते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी मारावं लागतं. नमुना बर्फात ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोचवायचा. तिथे पाण्यातलं रसायन वेगळं काढून गॅस क्रोमॅटोग्राफसारख्या यंत्रावर मोजतात. गावातल्या साध्या किटचं हे काम नाही.

म्हणून आपण शिकल्या-सवरल्या लोकांनी एक काम करावं. महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडे पाण्याचा अहवाल मागावा. जंतू, नायट्रेट, क्षार हे रकाने भरलेले असतील. कीटकनाशकांची तपासणी झाली का, कधी, आणि नमुना कुठून घेतला, हे विचारावं. तोंडी उत्तर मिळालं नाही तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहेच. शेताला लागून बोअर असेल, मग तो घराचा असो, मदरशाचा की मशिदीचा, तर पावसाळ्यात फवारणीनंतर एकदा तरी तपासून घ्यावा.

मशीन घ्यायचं की नाही, ते नंतर ठरवू. आधी पाण्यात काय आहे, ते तर कळू द्या.