खैरलांजीतला जमाव वेडा नव्हता

गावात एकाच घरातली तीन-चार माणसे कापली गेली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक शब्द हमखास असतो : माथेफिरू. मारणारा एकटा असेल तर तो माथेफिरू, आणि मारणारे पन्नास असतील तर 'जमावाचा उद्रेक'. आम्हीही यातून सुटलेलो नाही. 'विकृत माथेफिरूंना फाशी द्या' अशी निषेधाची पत्रके आमच्याच लोकांनी वाटली आहेत, त्यातली काही आम्हीच लिहिली आहेत. आज आम्हाला ती चूक वाटते. का वाटते, ते सांगतो.

वेडेपणा हा कायद्यातला बचाव आहे. भारतीय दंड संहितेत तो कलम 84 मध्ये होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 मध्ये आहे. त्याचे मूळ 1843 च्या लंडनमधले. डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सचिवाला गोळी घातली, ज्युरीने त्याला वेडा ठरवून निर्दोष सोडले, आणि त्यावर उठलेल्या गदारोळातून इंग्रज न्यायाधीशांनी नियम घालून दिला. तोच नियम आपल्याकडे आला. कृत्य करतेवेळी मन इतके बिघडलेले हवे की आपण काय करतो आहोत हे कळू नये, किंवा जे करतो ते चूक वा बेकायदा आहे हे कळू नये. नुसता आजार असून भागत नाही. 1964 साली दह्याभाई ठक्कर विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कृत्याआधी, कृत्य करताना आणि कृत्यानंतर आरोपी कसा वागला यावरून ते पाहायचे. सिद्ध करण्याचा भार आरोपीवर.

आता ही मोजपट्टी खैरलांजीला लावून बघा.

सप्टेंबर 2006. भोतमांगे कुटुंबाच्या जवळच्या एका पोलीस पाटलाला मारहाण होते. सुरेखाताई साक्ष देतात. आरोपींना अटक होते, 29 सप्टेंबरला जामीन मिळतो आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांग्यांच्या घरावर चालून जातो. सुरेखाताई, प्रियंका, रोशन आणि सुधीर, चौघांना ठार करून प्रेते कालव्यात टाकली जातात. भैयालाल तेवढे वाचतात. यात वेड कुठे आहे? आधी कारण होते, मग वेळ निवडली, मग माणसे गोळा केली, मग पुरावा पाण्यात टाकला. ज्याला आपले कृत्य चूक आहे हे कळत नाही, तो प्रेत लपवत नाही. भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने 2008 मध्ये आठ जणांना दोषी धरले, त्यात पुरावा नष्ट करण्याचा गुन्हाही होता. म्हणजे डोकी ठिकाणावर होती, हे न्यायालयाच्या नोंदीतच आहे.

पण खरी गोम पुढे आहे. डोके ठिकाणावर होते, तर त्या डोक्यात काय होते? न्यायालयाने उत्तर दिले : सूड. अॅट्रॉसिटी कायदा लागला नाही. 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही सुडाचेच कारण धरले आणि सहा जणांची फाशी रद्द करून 25 वर्षांची जन्मठेप दिली. फाशी हवी की नको हा वेगळा वाद आहे, आज त्यात शिरत नाही. आमचा प्रश्न एवढाच, की सूड कशाचा? बौद्ध बाई साक्षीला उभी राहते, स्वतःची शेती कसते, पोरांना शिकवते, गावापुढे वाकत नाही, याचा. हीच साक्ष पाटलाच्या बायकोने दिली असती तर तिच्या घरावर जमाव गेला असता काय?

इथे कायद्याचे दोन तराजू दिसतात. आरोपीला वेडा ठरायचे असेल तर त्याचे मन त्याने उघडून दाखवायचे. पण त्याच्या मनात जात होती हे मात्र मेलेल्याच्या नातलगांनी सिद्ध करायचे. अॅट्रॉसिटी कायद्यात जुने शब्द होते 'अनुसूचित जातीची व्यक्ती आहे या कारणावरून'. जानेवारी 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने गंभीर गुन्ह्यांसाठी, पीडित त्या जातीचा आहे हे माहीत असणे पुरेसे केले. गावात कोणाची जात कोणाला माहीत नसते? ही दुरुस्ती भोतमांग्यांच्या कामी आली नाही.

आणि न्यायालयांना धनवंताच्या मनाविषयी फार आदर असतो. किळवेणमणीत 25 डिसेंबर 1968 रोजी 44 दलितांना झोपडीत कोंडून जाळले. (मनुस्मृती दहनाचाच दिवस, वर्ष तेवढे वेगळे.) मद्रास उच्च न्यायालयाने 1973 मध्ये जमीनदारांना सोडताना म्हटले की मोटारी बाळगणारे असे श्रीमंत लोक स्वतः चालत तिथे जाऊन आग लावतील हे पटत नाही.

बाबासाहेबांनी 1936 मध्येच लिहून ठेवले आहे की हिंदू माणूस जात पाळतो तो डोके फिरले म्हणून नव्हे, तर तो धर्मनिष्ठ आहे म्हणून. 'माथेफिरू' म्हणताना आपण नेमके याच्या उलट बोलतो. रोगी मनाचा इलाज दवाखान्यात होईल. जातीचा इलाज कुठल्या दवाखान्यात करायचा?

याचा अर्थ कलम 22 उडवून टाका, असे कोणी काढू नये. आजाऱ्याला फासावर देणे हा न्याय नाही. हा बचाव यशस्वी झाला तरी आरोपी सरळ मोकळा सुटत नाही. कृत्य त्यानेच केले असा निष्कर्ष न्यायालयाला द्यावा लागतो आणि त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा किंवा हमी घेऊन नातलगाच्या वा मित्राच्या स्वाधीन करण्याचा आदेश काढावा लागतो. 'सुटला, सुटला' म्हणून ओरडण्याआधी निकाल वाचावा. उलट आमची तक्रार आहे की हा बचाव आमच्या माणसाला मिळतच नाही. वस्तीतला पोरगा आजारी पडला की आधी भगताकडे, मग दर्ग्यावर, सरकारी दवाखान्यात सगळ्यात शेवटी. हातात केसपेपर नसतो. न्यायालय मागते ते कागद. ज्याच्या घरी पाच वर्षांच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या फायलीत लावलेल्या असतात, त्याचेच वेड न्यायालयात टिकते.

म्हणून उद्या अशा गावात आपले पथक जाईल तेव्हा मोर्च्याच्या तारखेआधी काही गोष्टी लिहून घ्या. आधीची भांडणे कोणती, तक्रार कधी दिली, पोलिसांनी ती घेतली का. हत्यार कुठून आले. मारणारा त्या दिवशी कामावर गेला होता का, नंतर कुठे गेला, कपडे धुतले का, मोबाईल बंद केला का. शेजाऱ्यांना काय बोलला, आणि बोलताना जातीवरून काय बोलला, शब्द जसेच्या तसे. बचाव पक्ष सहा महिन्यांनी वैद्यकीय दाखला पुढे करील तेव्हा सरकारी वकिलाला हेच लागणार आहे, आणि जात सिद्ध करायलाही हेच. तोवर गाव बोलायचे थांबलेले असते. खैरलांजीत ते दुसऱ्याच दिवशी थांबले होते.

आणि पत्रक छापायला जाण्याआधी त्यातला 'माथेफिरू' खोडा.