वाटणीतला तिसरा हिस्सेदार

केंद्र आणि राज्य यांच्यातल्या अधिकारांविषयी २०२५ मध्ये खूप बोलले गेले. राज्यपालांनी विधेयके किती काळ अडवावीत, यावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये तमिळनाडूच्या बाजूने निकाल दिला. उपकर आणि अधिभाराच्या पैशात राज्यांना वाटा मिळत नाही, ही तक्रार पुन्हा झाली. महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. दिल्लीकडे अधिकार साचत चालले आहेत, असे आमचेही मत आहे. पण हे वाद रंगत असताना मुंबई महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, हे वर्षभर मनाला टोचत राहिले. मार्च २०२२ मध्ये तिची मुदत संपली, तेव्हापासून २०२५ मध्येही तिथे राज्य सरकारने नेमलेले प्रशासकच होते. पुणे, नाशिक, नागपूरची तीच गत होती. छत्रपती संभाजीनगरची मुदत तर २०२० मध्येच संपली. मुंबईचा २०२५-२६ चा ७४ हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प, गोवा राज्याच्या अर्थसंकल्पापेक्षा कितीतरी मोठा, लोकांनी निवडलेल्या एकाही सदस्याच्या मताविना मंजूर झाला. यात दिल्लीचा हात नाही.

नगरपालिकांची मुदत पाच वर्षांची, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असे ७४वी घटनादुरुस्ती स्पष्ट सांगते. अधिकारांच्या बाबतीत मात्र ती हात आखडता घेते. बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत, पण त्यांतले कोणते द्यायचे ते राज्य विधिमंडळाने ठरवायचे. संघराज्यात केंद्र आणि राज्यांची अधिकारवाटणी घटनाच करते, केंद्राचा कायदा नव्हे, असे बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत समजावून सांगितले होते. महापालिकांना हे संरक्षण नाही. त्या राज्याच्या मर्जीवर जगतात. वस्तू व सेवा कराने आर्थिक स्वायत्तता गेली, असे राज्ये म्हणतात. तो कर लागू झाला त्याच दिवशी, १ जुलै २०१७ ला, मुंबईची जकात बंद झाली आणि महापालिका भरपाईसाठी मंत्रालयाच्या हप्त्यांवर अवलंबून राहिली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदांना खरी सत्ता देऊन देशाला वाट दाखवणाऱ्या महाराष्ट्रात आज जिल्ह्याच्या विकासनिधीची सूत्रे पालकमंत्र्यांच्या हाती आहेत.

निवडणुका ओबीसी आरक्षणाच्या खटल्यामुळे लांबल्या, असे उत्तर मिळते. ते अर्धेच खरे आहे. आरक्षणाचा प्रश्न गंभीर होता आणि तो सोडवणे भागच होते. मात्र त्यासाठी निवडणूक थांबवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्येच सांगितले. त्यानंतरही मुंबईचे प्रभाग २२७ की २३६, यावर एका सरकारने केलेला बदल दुसऱ्याने फिरवला आणि काळ गेला. म्हणजे दोष एका पक्षाचा नाही. दुसरा आक्षेप असा, की नगरसेवक भ्रष्ट असतात, प्रशासक बरा. नगरसेवकांचा भ्रष्टाचार कोणी नाकारत नाही. पण भ्रष्ट नगरसेवकाला मतदार पाच वर्षांनी घरी बसवू शकतो, प्रशासकाला नाही. शिवाय खालच्यांना कारभार जमत नाही, हा युक्तिवाद मान्य केला तर दिल्लीने तोच राज्यांविरुद्ध वापरला तेव्हा आपण काय बोलणार? बाबासाहेबांना गावगाड्याविषयी भ्रम नव्हता, आणि स्थानिक सत्ता जातदांडग्यांच्या हाती जाण्याची भीती आजही खरी आहे. तिच्यावरचा उपाय राखीव जागा, ग्रामसभा आणि लेखापरीक्षण हा आहे. निवडणूकच न घेणे हा उपाय नव्हे.

या दिवाळी अंकाचा विषय ‘वाटणी’ आहे. जमिनीची, पाण्याची, घराची वाटणी आमच्या लेखकांनी पुढच्या पानांवर मांडली आहे. सत्तेच्या वाटणीविषयी लिहिणे आमच्याकडे आले. ३१ जानेवारी २०२६ पूर्वी निवडणुका घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बजावले होते. वाचकहो, मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला एवढेच विचारा, की दिल्लीकडे मागता ते अधिकार आमच्या महापालिकेला आणि जिल्हा परिषदेला तुम्ही कधी देणार? उत्तर लेखी मागा.