कृपेची किंमत कोणी मोजायची?

नोव्हेंबर १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रुस्टेनबर्ग इथं त्या देशातल्या बहुतेक ख्रिस्ती पंथांचे दोनशेहून अधिक प्रतिनिधी जमले होते. नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटून नऊ महिने झाले होते, पण वर्णभेदाचे कायदे पूर्णपणे गेले नव्हते आणि हिंसाचारात माणसं मरतच होती. परिषदेत विली यॉन्कर नावाचे गोरे प्राध्यापक बोलायला उभे राहिले. ज्या डच रिफॉर्म्ड चर्चनं वर्णभेदाला बायबलचा आधार शोधून दिला होता, त्याच चर्चचे ते स्टेलनबॉशमधले ईश्वरविज्ञानाचे अध्यापक. त्यांनी स्वतःचं, आपल्या चर्चचं आणि आपल्या आफ्रिकानेर समाजाचं पाप सगळ्यांसमोर कबूल केलं. आर्चबिशप डेस्मंड टुटू लागलीच उठले आणि ती कबुली त्यांनी स्वीकारली.

त्यानंतर दोन्हीकडून संताप उसळला. कृष्णवर्णीय प्रतिनिधींपैकी अनेकांनी विचारलं, आमच्या वतीनं क्षमा करण्याचा अधिकार टुटूंना कोणी दिला? आदल्या वर्षी राष्ट्राध्यक्षपद सोडावं लागलेल्या पी. डब्ल्यू. बोथा यांनी डच रिफॉर्म्ड चर्चच्या पुढाऱ्यांना फोन करून यॉन्कर यांच्या बोलण्याबद्दल नाराजी कळवली.

राजकारणानं दुभंगलेल्या समाजात ख्रिस्ती माणसानं कसं वागावं, हा प्रश्न आता आपल्या मराठी मंडळ्यांतही उपासनेनंतरच्या गप्पांत, घरच्या जेवणात, व्हॉट्सअ‍ॅपवर सतत येतो. एकाच बाकावर बसून प्रभुभोजन घेणारे सख्खे भाऊ निकालाच्या दिवसापासून एकमेकांशी बोलेनासे होतात. यावर जी ठरावीक उत्तरं दिली जातात ती मला मान्य नाहीत. ती का मान्य नाहीत, हे दक्षिण आफ्रिकेच्या अनुभवावरून मला सगळ्यात नीट सांगता येतं, म्हणून इतक्या दूर जातो आहे.

पहिलं उत्तर सगळ्यांना आवडणारं आहे. चर्चमध्ये राजकारण आणू नका, प्रार्थना करा, सर्वांवर प्रेम करा, वेळ गेली की मनं आपोआप निवळतील. हे सांगणाऱ्या पाळकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांना मंडळी फुटलेली बघवत नाही. पण शांततेसाठी अन्यायाबद्दल बोलायचं नाही, असं एकदा ठरलं की त्या शांततेचा भार कोण वाहतो, हे त्यांनी तपासलेलं नसतं.

१८५७ साली केप प्रांतातल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडपुढे एक साधासा वाटणारा प्रश्न आला. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या काळ्या आणि मिश्रवंशीय लोकांच्या शेजारी बसून उपासना करायला काही गोरे सभासद तयार नव्हते. सिनॉडनं आधी सत्य सांगितलं: सर्वांनी एकत्र असणं हेच इष्ट आणि शास्त्राला धरून आहे. पुढच्याच वाक्यात सवलत दिली: काहींच्या दुर्बलतेमुळे जिथं ते अडचणीचं होईल, तिथं वेगळ्या इमारतीत वेगळी उपासना व्हावी. द्वेषाचा एक शब्दही त्या ठरावात नव्हता. होतं ते सांभाळून घेणं. १८८१ मध्ये त्या सांभाळून घेण्यातून मिश्रवंशीयांसाठी वेगळं मिशन चर्च उभं राहिलं, आणि १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आल्यावर सगळा देशच कायद्यानं वेगळ्या खोल्यांत वाटला गेला. वेगळी पंगत ज्यांनी पिढ्यानपिढ्या पाहिली आहे त्या मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. तमिळनाडूत दलित ख्रिस्ती माणसांना आजही काही गावांत वेगळ्या दफनभूमीत पुरलं जातं. तिथंही कोणीतरी, कधीतरी, ‘आत्ता वाद नको’ असंच म्हटलं असणार.

सिनॉडची चूक नेमकी कुठं झाली? त्यांनी कृपा दाखवली ती गैर वागणाऱ्याला, आणि तिची किंमत वसूल केली दुसऱ्याकडून. येशूची रीत अशी नव्हती. त्याच्या बारा शिष्यांत सत्तेसाठी कर गोळा करणारा मत्तय होता आणि रोमन राजवटीच्या कडव्या विरोधकांच्या नावानं ओळखला जाणारा शिमोन जिलोतही होता. दोघांना एका ताटाभोवती बसवताना येशूनं जकातीचा विषय टाळला नाही. मत्तयाला नाक्यावरून उठावं लागलं. यरीहोत जक्कयाच्या घरी तो न बोलावता पाहुणा म्हणून गेला, ही कृपा. त्या पाहुणचारातच जक्कयानं अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं आणि लुबाडलेल्याची चौपट भरपाई करायचं कबूल केलं. लूकच्या शुभवर्तमानात हे दोन्ही एकाच प्रसंगात आहे. आपण प्रवचनात पहिला भाग रंगवून सांगतो आणि हिशेबाचा भाग उरकून टाकतो.

या गुळमुळीतपणाचा वीट आलेली माणसं दुसऱ्या टोकाला जातात. त्यांचं म्हणणं असं: अन्याय समोर दिसत असताना प्रेमाची भाषा हा पळपुटेपणा आहे. एक बाजू देवाची आहे, ती ओळखा, तिच्यासाठी लढा, आणि समोरचा माणूस पडला तर त्याच्यासाठी रडू नका. यातल्या अर्ध्या भागाशी मी सहमत आहे. बाजू घ्यावी लागते. १९८२ मध्ये त्याच मिशन चर्चनं, म्हणजे दुर्बलतेच्या नावानं बाहेर काढल्या गेलेल्या माणसांच्या चर्चनं, बेलहार इथं श्रद्धेची जाहीर कबुली लिहिली आणि देव हा विशेषत्वानं दीनांचा, गरिबांचा, अन्याय झालेल्यांचा देव आहे असं स्पष्ट म्हटलं. १९८५ मध्ये दीडशेहून अधिक धर्मगुरू आणि अभ्यासकांनी काढलेल्या कैरोस निवेदनानं रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढे करून सरकारची आज्ञा पाळायला लावणाऱ्यांना खोडून काढलं. सत्य आणि न्याय नसलेल्या समेटाची भाषा करणाऱ्या चर्चनाही त्यांनी सोडलं नाही. ते निवेदन मी पूर्णपणे योग्य मानतो.

मतभेद आहे तो उरलेल्या अर्ध्या भागाशी. जुलै १९८५ मध्ये जोहान्सबर्गच्या पूर्वेकडच्या डुडुझा वस्तीत एका अंत्यविधीनंतर जमावानं एका माणसाला पोलिसांचा खबरी समजून पकडलं. त्याला जाळायची तयारी झाली होती. टुटू आणि त्यांच्याबरोबरचे धर्मगुरू त्या गर्दीत शिरले आणि त्याला बाहेर काढलं. ती गर्दी टुटूंच्या स्वतःच्या लोकांची होती, त्यांच्याच लढ्यातली. काही दिवसांतच त्याच वस्तीत एका तरुणीला अशाच संशयावरून जाळून मारलं गेलं. ती खबरी नव्हती, हे पुढे सत्य आणि समेट आयोगासमोर स्पष्ट झालं. हे थांबलं नाही तर मी हा देश सोडून जाईन, असं टुटूंनी आपल्या लोकांना बजावलं. हेच टुटू त्या काळात जगभर फिरून आपल्याच देशावर आर्थिक निर्बंध घाला अशी मागणी करत होते. सरकारचा अन्याय आणि जमावाची हिंसा त्यांनी कधी एका तराजूत तोलली नाही. मात्र आपली बाजू न्याय्य आहे एवढ्यावर तिला काहीही करायची मोकळीक मिळते, हेही त्यांनी मानलं नाही.

राजकीय दुहीत ख्रिस्ती कृपेची खरी खूण मला इथं दिसते. शत्रूबद्दल गोड बोलणं सोपं असतं, विशेषतः तो लांब असेल तर. आपल्या बाजूच्या माणसांना, ज्यांच्या टाळ्यांवर आपण जगतो त्यांना, अडवणं कठीण असतं. बेयर्स नॉडे यांचं आयुष्य याची साक्ष आहे. त्यांचे वडील आफ्रिकानेरांच्या ब्रूडरबाँड या गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी. ते स्वतः जोहान्सबर्गच्या प्रतिष्ठित गोऱ्या मंडळीचे पाळक, आणि याच संघटनेचे सभासद. मार्च १९६० मध्ये शार्पव्हिल इथं पोलिसांनी ६९ माणसांना गोळ्या घालून मारलं. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये कॉटेस्लो इथं चर्चच्या प्रतिनिधींनी वर्णभेदाविरुद्ध काही सौम्य निष्कर्ष काढले. पंतप्रधान फर्वूर्ट यांनी डोळे वटारताच बाकीचे मागे हटले. नॉडे हटले नाहीत. १९६३ मध्ये त्यांनी आपलं पुलपीट सोडलं. १९७७ ते १९८४ अशी सात वर्षं सरकारनं त्यांच्यावर असे निर्बंध लादले, की एका वेळी एकापेक्षा जास्त माणसांना भेटणं हाही गुन्हा ठरला. त्यांनी आफ्रिकानेर असणं नाकारलं नाही, आपल्या लोकांना शिव्याशापही दिले नाहीत. आपल्या लोकांवरचं त्यांचं प्रेम मात्र त्यांच्या लोकांना सहन झालं नाही.

टुटूंनाही हाच अनुभव सत्ता बदलल्यावर आला. ऑक्टोबर १९९८ मध्ये, वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या, त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या सत्य आणि समेट आयोगाचा अहवाल तयार झाला. लढ्याच्या काळात आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या हातूनही मानवी हक्कांची पायमल्ली झाली, असं त्यात नोंदवलेलं होतं. सत्तेवर आलेला हा पक्ष अहवाल रोखायला कोर्टात गेला आणि हरला. माजी राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनीही आपल्याबद्दलचा भाग कोर्टामार्फत काळा करून घेतला होता. २०११ मध्ये दलाई लामांना दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा मिळेना, तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावरचे टुटू ज्यांच्यासाठी आयुष्यभर लढले त्यांच्याच सरकारवर उघडपणे बरसले.

आता सर्वांत अवघड आक्षेप. तो पीडितांच्या घरातून येतो, म्हणून त्याला सहजासहजी उत्तर देता येणार नाही. क्षमेची भाषा म्हणजे ज्यांनी सोसलं त्यांच्यावर दुसरा अन्याय, असं ते म्हणतात. वर्णभेदविरोधी लढ्यातले नेते स्टीव्ह बिको १९७७ मध्ये पोलिसांच्या ताब्यात मारले गेले. पुरी कबुली देणाऱ्या राजकीय गुन्हेगारांना माफी द्यायच्या आयोगाच्या अधिकाराला त्यांच्या कुटुंबीयांनी आणि इतरांनी १९९६ मध्ये घटना न्यायालयात आव्हान दिलं, आणि ते हरले. तुम्ही तुमच्या समेटासाठी आमचा न्याय विकता आहात, हे त्यांचं म्हणणं होतं. आयोगाच्या बैठकांत प्रार्थना होत, मेणबत्ती पेटत असे, जांभळा झगा घातलेले आर्चबिशप अध्यक्षस्थानी बसत. अशा वातावरणात ज्या विधवेला क्षमा करायची नव्हती तिच्यावर किती दडपण आलं असेल, हे मान्य केलं पाहिजे. रुस्टेनबर्गच्या टीकाकारांचंही यापुरतं बरोबर होतं. यॉन्कर यांचं पाप ऐकून घेण्याचा आणि त्यांना भाऊ म्हणण्याचा अधिकार टुटूंना होता. दुसऱ्याच्या मुलाचा खून माफ करण्याचा अधिकार कुठल्याच बिशपला नसतो. क्षमा ज्याची जखम त्याचीच असते, आणि ती मागून किंवा प्रवचन देऊन काढून घेता येत नाही.

पण इथून ‘म्हणून क्षमा नकोच’ या निष्कर्षाकडे उडी मारणं चूक आहे. आपल्याकडचं उदाहरण बघा. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व तिमथी ही दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जाळून मारली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि पुढची काही वर्षं ओडिशातल्या बारीपदातच कुष्ठरुग्णांची सेवा केली. क्षमेमुळे खटला मात्र थांबला नाही. मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. ग्लॅडिस यांनी आपल्या मनातला द्वेष सोडला, सरकारनं आपलं कर्तव्य सोडलं नाही. या दोन गोष्टी शेजारी उभ्या राहू शकतात. ‘बाईंनी माफ केलं, आता विषय कशाला काढता?’ असं म्हणणारा माणूस तिची क्षमा चोरून आपल्या सोयीला वापरत असतो.

दक्षिण आफ्रिकेत बिघडलं ते इथं. आयोगाकडे आलेल्या सात हजारांहून अधिक माफीअर्जांपैकी बहुतेक फेटाळले गेले. बिकोंना मारहाण करणाऱ्या पोलिसांनाही माफी मिळाली नाही. माफी न मिळालेल्यांवर खटले चालावेत म्हणून आयोगानं सुमारे तीनशे प्रकरणं सरकारी वकिलांकडे सोपवली. पीडितांना सहा वर्षं दरवर्षी रक्कम द्यावी अशी शिफारस केली, श्रीमंतांवर कर बसवण्याचं सुचवलं. सरकारनं २००३ मध्ये प्रत्येकी तीस हजार रँड एकदाच देऊन हात झटकले, कर नाकारला, आणि खटले वर्षानुवर्षं धूळ खात पडले. २०११ मध्ये टुटूंनी स्टेलनबॉशमध्येच, गोऱ्या सुबत्तेच्या गावात, गोऱ्यांनी संपत्ती-कर द्यावा अशी मागणी केली तेव्हा अनेकांना ते कडवट वाटलं. मला त्यात जक्कयाच्या घरचा अर्धवट राहिलेला हिशेब दिसतो.

आयोगाच्या पहिल्याच सुनावणीत, एप्रिल १९९६ मध्ये ईस्ट लंडन शहरात, नोमोंडे कालाता आपल्या नवऱ्याच्या खुनाबद्दल सांगताना मोठ्यानं आक्रोश करत कोसळल्या होत्या. फोर्ट कालाता हे शिक्षक होते. जून १९८५ मध्ये सुरक्षा पोलिसांनी ज्या चौघा क्रॅडॉकच्या कार्यकर्त्यांना ठार केलं, त्यांतले ते एक. त्या पोलिसांना आयोगानं माफी नाकारली आणि तरीही एकावरही खटला उभा राहिला नाही. जानेवारी २०२५ मध्ये कालाता यांचा मुलगा लुखान्यो आणि इतर पंचवीसएक कुटुंबं सरकारविरुद्ध कोर्टात गेली: खटले कोणी दाबले, ते सांगा. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांना त्यासाठी चौकशी आयोग नेमावा लागला. ही कुटुंबं समेटाच्या विरोधात गेली, असं काहीजण म्हणतात. माझ्या दृष्टीनं तीस वर्षांपूर्वी जांभळ्या झग्यातल्या माणसानं जे सुरू केलं होतं त्याचा उरलेला भाग तीच माणसं पुरा करत आहेत, आणि तिथल्या चर्चनं आता उघडपणे त्यांच्याबरोबर कोर्टाच्या पायऱ्यांवर उभं राहायला हवं.